मार्तिम आफोंसो द सोझा : ब्राझीलचा किनारा आणि कोकण

सोळाव्या शतकातील पोर्तुगीज समन्वेषक, ब्राझीलमध्ये विधिवत स्थापन झालेल्या पहिल्या पोर्तुगीज नगराचा संस्थापक, भारतातील पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख (१५३४–३९) व पुढे गोव्याचा गव्हर्नर (१५४२–४५). अमेरिकेच्या अंतर्भागातील चांदीच्या शोधार्थ निघालेल्या या दर्यावर्दीने त्या किनाऱ्यावर दोन वसाहती उभ्या केल्या आणि मायदेशी परतल्यावर वर्षभराच्या आतच तो भारताकडे निघाला. दमण, दीव व गोवे येथील पोर्तुगीज इतिहासातील काही निर्णायक घटनांशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आला आणि वसईचा प्रदेश पोर्तुगीजांना मिळाला, तेव्हा तो या किनाऱ्यावरील आरमाराचा प्रमुख होता. एकच राजा, एकच सेनानी व एकच उद्दिष्ट असूनही दोन किनाऱ्यांवरील परिणाम अगदी भिन्न झाले. ब्राझीलमध्ये त्याने केवळ राजाज्ञेच्या बळावर जमीन वाटली. कोकणात मात्र प्रत्येक कोटासाठी कोणातरी सुलतानाची संमती, अडचण वा भीती यांची वाट पाहावी लागली. या भिन्नतेची कारणे किनाऱ्यामागील प्रदेशाच्या राजकीय व आर्थिक रचनेत सापडतात.

पूर्ववृत्त : मार्तिम आफोंसोचा जन्म सु. १५०० मध्ये पोर्तुगालमधील व्हिला व्हिसोझा येथे एका सरदार घराण्यात झाला. त्याचे घराणे ब्रागांसाच्या ड्यूकच्या पदरी होते. राजपुत्र जॉन (पुढे जॉन तिसरा, कार. १५२१–५७) याच्या सहवासात त्याचे तारुण्य गेले. राजाचा विश्वासू मंत्री आंतोन्यू द आताईद हा त्याचा चुलतभाऊ होता. आना पिमेंतेल या स्पॅनिश उमराव घराण्यातील स्त्रीशी त्याचा विवाह झाला. गणित व नौकानयनशास्त्र यांत त्याला विशेष गती होती. ब्राझीलच्या सफरीत होकायंत्राच्या एकाच दिशेने जहाज हाकारताना आलेल्या अडचणी त्याने परतल्यावर पेद्रू नुनिश या गणितज्ञापुढे मांडल्या आणि त्या प्रश्नांच्या विवेचनातूनच नुनिशचे नौकानयनविषयक प्रबंध (१५३७) सिद्ध झाले.

ब्राझीलची मोहीम : १४९४ च्या तोर्देसिल्यास तहाने स्पेन व पोर्तुगाल यांनी नव्या भूमीची आपसांत वाटणी केली. त्यानुसार केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेस ३७० लीगांवर कल्पिलेल्या रेषेच्या पूर्वेकडील भाग पोर्तुगालच्या वाट्यास आला. पेद्रू आल्व्हारिश काब्राल १५०० मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला. तथापि नंतरची तीस वर्षे पोर्तुगीजांचे लक्ष भारतातील मसाल्याच्या व्यापाराकडेच होते. ब्राझीलमधून तांबडा रंग देणारे लाकूड तेवढे नेले जाई. त्या व्यापारात फ्रेंच जहाजे शिरू लागली, तसेच दक्षिणेकडील नद्यांच्या उगमाकडे चांदीचा डोंगर व ‘गोरा राजा’ असल्याच्या वार्ता पसरल्या. तेव्हा राजाने मोठी मोहीम काढण्याचे ठरविले.

या वार्ता निराधार नव्हत्या. १५१६ मध्ये फुटलेल्या सोलीसच्या तुकडीतील आलेशू गार्सिया हा पोर्तुगीज खलाशी ग्वारानी लोकांच्या मोठ्या जमावासह पाराग्वाय नदी ओलांडून इंका साम्राज्याच्या सीमेपर्यंत गेला होता. परतीच्या वाटेवर तो मारला गेला, परंतु त्याने मिळविलेल्या चांदीच्या वस्तू किनाऱ्यावरील त्याच्या सोबत्यांच्या हाती आल्या होत्या.

मार्तिम आफोंसो ३ डिसेंबर १५३० रोजी पाच जहाजे व सु. ४०० माणसे घेऊन लिस्बनहून निघाला. किनाऱ्याचे समन्वेषण, फ्रेंचांचा बंदोबस्त, दिवाणी व फौजदारी न्यायदान, अधिकाऱ्यांच्या नेमणुका आणि वसाहतकऱ्यांना जमिनी देणे, एवढे व्यापक अधिकार राजाने त्याला दिले होते. त्याचा भाऊ पेरू लोपिश द सोझा याने सफरीची रोजनिशी लिहून ठेवली असून मोहिमेची बहुतेक माहिती तीवरूनच मिळते. पर्नांबुकुच्या किनाऱ्यावर काही फ्रेंच जहाजे पकडून हे आरमार बाईया येथे व तेथून एप्रिल १५३१ च्या अखेरीस रिओ दी जानेरोच्या उपसागरात पोहोचले. तेथून चार माणसे अंतर्भागात पाठविण्यात आली. दोन महिन्यांनी ती एका स्थानिक प्रमुखासह परतली. त्याने स्फटिक आणले होते आणि पाराग्वाय नदीकडे सोने-चांदी विपुल असल्याचे सांगितले.

ऑगस्ट १५३१ मध्ये कानानेया येथे फ्रांसिश्कू द शाव्हिश नावाचा, पूर्वीपासून तेथे राहिलेला एक पोर्तुगीज भेटला. दहा महिन्यांत चांदी-सोन्याने लादलेले ४०० गुलाम घेऊन येतो, असे त्याने वचन दिले. त्यावर विसंबून मार्तिम आफोंसोने १ सप्टेंबर रोजी पेरू लोबुच्या हाताखाली ४० धनुर्धारी व ४० बंदूकधारी अशी ८० माणसे अंतर्भागात रवाना केली. यांपैकी एकही परतला नाही. वाटेत स्थानिक लोकांनी तुकडी कापून काढली. पुढे दक्षिणेस जात असता प्रमुख जहाज वादळात फुटले. पेरू लोपिशने प्लाता नदीच्या मुखातून आत जाऊन पाहणी केली, पण चांदी हाती लागली नाही. या मोहिमेचा खाणींचा भाग येथेच संपला.

साऊँ व्हिसेंते व पिरातिनिंगा : उत्तरेकडे परतताना २२ जानेवारी १५३२ रोजी साऊँ व्हिसेंते येथे त्याने नगराची स्थापना केली, असे मानले जाते. नगराला सभा, न्यायाधीश, लेखनिक व इतर अधिकारी नेमून देण्यात आले. चर्च, तुरुंग व छोटी गढी बांधण्यात आली. वसाहतकऱ्यांना ‘सेझमारिया’ पद्धतीने जमिनी वाटण्यात आल्या. किनाऱ्यालगतचा डोंगर चढून गेल्यावर लागणाऱ्या पठारावर पिरातिनिंगा येथे त्याने दुसरी वसाहत वसविली. पठारावर झ्वाऊँ रामाल्यू हा पोर्तुगीज कित्येक वर्षांपासून राहत असून तिबिरिसा या स्थानिक प्रमुखाची मुलगी त्याची पत्नी होती. या सोयरिकीचे पाठबळ नसते, तर पठारावर पाय रोवणे मूठभर पोर्तुगीजांना शक्य झाले नसते.

चांदी न मिळाल्याने वसाहतीच्या निर्वाहासाठी दुसरे साधन शोधणे भाग पडले. पोर्तुगीजांच्या अटलांटिक बेटांवर, विशेषतः मदीरा येथे, रूढ झालेली ऊस लागवड साऊँ व्हिसेंते येथे सुरू करण्यात आली आणि मार्तिम आफोंसो व त्याच्या भागीदारांनी साखरेचा कारखाना उभारला. तो पुढे अँटवर्पच्या एरास्मुस स्केट्स या व्यापारी घराण्याने विकत घेतला. त्याचे अवशेष सांतुस शहरात जतन केलेले आहेत. उसाची लागवड, तोडणी व गाळप यांसाठी मजुरांची गरज होती आणि ती स्थानिक तुपी लोकांना गुलाम करून भागविण्यात आली. आफ्रिकेतील गुलामांची मोठ्या प्रमाणावरील आयात नंतरच्या काळातील आहे.

सप्टेंबर १५३२ मध्ये राजाने किनाऱ्याची पट्ट्यांमध्ये विभागणी करून ते वंशपरंपरेने देण्याचा निर्णय मार्तिम आफोंसोला पत्राने कळविला. त्यानुसार साऊँ व्हिसेंतेची कॅप्टन्सी (जहागीर) त्याच्या वाट्यास आली. सनदेनुसार त्याला नगरे स्थापणे, अधिकारी नेमणे, कर घेणे यांबरोबरच दरवर्षी ठरावीक संख्येने गुलाम पोर्तुगालला पाठविण्याचीही मुभा होती. १५३३ मध्ये तो लिस्बनला परतला आणि पुन्हा कधीही ब्राझीलला गेला नाही. जहागिरीचा कारभार आना पिमेंतेलने मुखत्यार म्हणून पाहिला. तिने जमीन दिलेल्या ब्रास कुबास याने पुढे सांतुस हे बंदर भरभराटीस आणले. पिरातिनिंगाच्या पठारावर जेझुइट मिशनऱ्यांनी २५ जानेवारी १५५४ रोजी स्थापन केलेल्या ठाण्यातून साऊँ पाउलू हे महानगर वाढले.

खाणनगरांचा प्रश्न : नोव्हेंबर १५३२ मध्ये पिझारोने काहामार्का येथे इंका सम्राट आतावाल्पाला कैद केले. त्यामुळे ज्या चांदीच्या वार्ता साऊँ व्हिसेंतेपर्यंत आल्या होत्या, ती भूमी स्पेनच्या ताब्यात गेली. १५४५ मध्ये पोतोसी व १५४६ मध्ये मेक्सिकोतील साकातेकास येथील खाणी उघडकीस आल्या. ब्राझीलमधील सोन्याचे मोठे साठे सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात साऊँ पाउलूच्या लोकांनीच शोधून काढले आणि १७११ मध्ये व्हिला रिका (सध्याचे ओरू प्रेतू), मारियाना व साबारा या खाणवसाहतींना नगरांचा दर्जा मिळाला. मार्तिम आफोंसोच्या पठारावरील वसाहतीचा खाणींशी संबंध असा सु. १६० वर्षांनी जुळला.

सोळाव्या शतकात प्रत्यक्ष खाणींपाशी गावे वसविणारे पोर्तुगीज स्पेनच्या चाकरीत होते. अझोर्समधील तेरसेरा बेटावर जन्मलेल्या आल्बेर्तो देल कांतो याने १५७७ मध्ये उत्तर मेक्सिकोत साल्तियो हे गाव स्थापिले आणि सध्याच्या माँतेर्रे शहराच्या जागी सांता लुसिया ही वस्ती केली. लुईस दे कारव्हाहाल या दुसऱ्या पोर्तुगीजाला दुसऱ्या फिलिपने १५७९ मध्ये ‘नवे लेओन’ या विस्तीर्ण प्रांताची सनद दिली. तेथे त्याने खाणींच्या आसऱ्याने काही गावे उभारली. या दोघांच्याही वसाहतींचा उत्पन्नाचा मोठा भाग खाणींपेक्षा स्थानिक लोकांना पकडून गुलाम म्हणून विकण्यातून येत असे. ज्यू वंशाच्या ‘नवख्रिस्ती’ घराण्यातील कारव्हाहालला १५८९ मध्ये इन्क्विझिशनने (धर्मन्यायपीठाने) अटक केली व १५९१ मध्ये तो तुरुंगात मरण पावला.

भारतात आगमन : मार्तिम आफोंसो मार्च १५३४ मध्ये ‘भारतीय समुद्राचा मुख्य कप्तान’ म्हणून लिस्बनहून निघाला व सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचला. त्याच्याबरोबर गार्सिया द ओर्ता हा वैद्य होता. त्या वेळी नूनो द कून्हा (कार. १५२९–३८) हा गव्हर्नर होता आणि गुजरातच्या सुलतानाकडून दीव मिळविणे हे त्याचे मुख्य उद्दिष्ट होते. त्यासाठी त्याने १५३३ च्या प्रारंभी वसईवर हल्लाही केला होता. मार्तिम आफोंसोने आल्यावर दमणची गढी उद्ध्वस्त केली. एकीकडे हुमायूनच्या स्वारीची भीती व दुसरीकडे समुद्रावरील हा दबाव यांमुळे सुलतान बहादूरशाहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह केला. या तहाने वसई व तिच्या अंमलाखालील मुलूख, मुंबई बेटासह, पोर्तुगीजांना मिळाला. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईस परवाना घ्यावा व परतताना तेथे जकात भरावी, असेही ठरले. पुढील वर्षी हुमायूनने गुजरात जिंकल्यावर बहादूरशाहाने दीव येथे कोट बांधण्यास संमती दिली. तेथे सर्वप्रथम पोहोचलेल्या पोर्तुगीज सेनानींत मार्तिम आफोंसो होता. १५३८ मध्ये त्याने रामेश्वरजवळील वेदलै येथे कालिकतच्या सामूतिरीच्या पक्षाच्या मरक्कार आरमाराचा पराभव केला. १५३९ मध्ये तो पोर्तुगालला परतला. कामाँइश या पोर्तुगीज महाकवीने लुझियाड (१५७२) या महाकाव्यात त्याच्या पराक्रमाची दखल घेतली आहे.

वसईचा मुलूख व ब्राझीलमधील जहागिरी यांत वरकरणी साम्य दिसते. वसईतही गावे पोर्तुगीज कुटुंबांना पिढ्यांच्या मुदतीने, ठरावीक खंड व लष्करी चाकरीच्या अटीवर देण्यात आली. परंतु साऊँ व्हिसेंतेत ज्याला ‘ओसाड’ समजून वाटले, ते तुपींचे रान व शिकारीचे क्षेत्र होते. वसईत मात्र आगर, शिलोत्री व भातशेती यांनी युक्त, मोजणी झालेली, साऱ्याचे दर ठरलेली गावे होती. नव्या जहागीरदाराला जुन्याच साऱ्याच्या चौकटीत बसावे लागले. शेतकऱ्याला हाकलून दिल्यास गावाचे उत्पन्नच बुडत असल्याने येथील पिळवणूक गुलामीच्या नव्हे, तर वाढीव सारा, वेठबिगार आणि धर्मांतराच्या दडपणाच्या मार्गाने झाली.

निजामशाहीचा प्रदेश आणि चौल : पोर्तुगीज सत्तेची मर्यादा वसईपेक्षाही चौल येथे अधिक स्पष्ट दिसते. चौल हे निजामशाहीचे प्रमुख बंदर होते. १५०८ मध्ये येथील खाडीत ईजिप्तचे मामलूक व दीवचा मलिक अय्याझ यांच्या आरमारांशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मैदा मारला गेला. १५२१ मध्ये गव्हर्नर दियोगु लोपिश द सिकैराने बुऱ्हाण निजामशाहाकडून कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंडा येथे कोट बांधण्याची परवानगी मिळविली. तिच्या मोबदल्यात अरबस्तान व इराण येथील घोडे चौल बंदरात येऊ द्यावयाचे होते. हुर्मूझ व गोवे हातात आल्याने घोड्यांचा व्यापार पोर्तुगीजांच्या नियंत्रणाखाली गेला होता. गोव्याहून विजयानगर व विजापूर यांना घोडे मिळत असताना अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) सुलतानाला ते न मिळणे धोक्याचे होते. कोटाचे काम १५२४ मध्ये पूर्ण झाले. निजामशाही अंमलाखालील जुने गाव ‘वरचे चौल’ व पोर्तुगीज कोट ‘खालचे चौल’ म्हणून ओळखले जाऊ लागले. एकाच खाडीवर दोन सत्तांची दोन गावे शेजारी शेजारी नांदत होती.

चौलमधून घाट चढून जाणारा माल ज्या मुलखात पोहोचे, त्याचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. निजामशाहीचा विस्तार सह्याद्रीपासून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत होता आणि सध्याच्या बीड जिल्ह्याचा मोठा भाग तीत मोडत असे. गोदावरी, सिंदफणा व मांजरा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन हा या राज्याचा खरा खजिना होता. मराठवाड्याचा बहुतेक भाग अग्निजन्य बेसाल्ट खडकाचा असून त्यात सोन्या-चांदीची धातुके नाहीत. राज्याचे वैभव ज्वारी, कापूस व तेलबिया यांच्या उत्पन्नावरील साऱ्यातून आणि व्यापारावरील जकातीतून येई. चांदी समुद्रमार्गेच आणावी लागे. पाणी हाच येथील संपत्तीचा उगम असल्याची जाणीव राज्यकर्त्यांना होती. बीडजवळील खजाना विहीर ही मुर्तझा निजामशाहाच्या कारकिर्दीत, सु. १५८२-८३ मध्ये, सलाबतखानाच्या पुढाकाराने बांधण्यात आली. राजा भास्कर हा तिचा स्थापती मानला जातो. तिच्या कालव्यांनी परिसरातील शेती भिजत असे.

अशा मुलखात किल्ले, घोडदळ, तोफखाना, सारावसुली यांची व्यवस्था आधीच उभी होती. बीड जिल्ह्यातील धारूर येथे विजापूरचा सेनापती किश्वरखान याने १५६७ मध्ये किल्ला बांधला. मुर्तझा निजामशाहाने लवकरच त्यावर चालून जाऊन तो घेतला व त्या लढाईत किश्वरखान मारला गेला. शेजारच्या सुलतानालाही जेथे कोट राखणे जमले नाही, तेथे मूठभर पोर्तुगीजांना पठारावर एखादे पिरातिनिंगा वसविणे सर्वथा अशक्य होते. घाटमाथ्यावर त्यांची एकही वसाहत होऊ शकली नाही. उलटपक्षी, १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशाहाने चौलला व अली आदिलशाहाने गोव्याला एकाच वेळी वेढा घातला, तेव्हा समुद्रमार्गे होणाऱ्या कुमकेमुळे दोन्ही ठाणी टिकली. जमिनीवर सुलतानांचे व पाण्यावर पोर्तुगीजांचे वर्चस्व, ही विभागणी या वेढ्यांनी पक्की केली.

गव्हर्नरपद : मार्तिम आफोंसो गव्हर्नर म्हणून ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाला. त्याच जहाजातून फ्रान्सिस झेव्हिअर भारतात आला. मोझँबिक येथे मुक्काम करून ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. त्याच्या कारकिर्दीत तिजोरी नेहमीच रिकामी होती. खाणी नसलेल्या प्रदेशात रोख संपत्ती मिळविण्याचे त्याचे मार्ग खंडणी, लूट व नाणेफेर हे होते. खंडणी थकविल्याच्या कारणावरून त्याने १५४२ मध्ये भटकळ जाळले. १५४३ मध्ये तिरुपतीच्या देवस्थानातील संपत्ती लुटण्यासाठी त्याने गुप्तपणे मोठे आरमार सज्ज केले, परंतु प्रतिकूल वाऱ्यांमुळे तो बेत सोडावा लागला व कोल्लमजवळील एक मंदिर लुटून आरमार परतले. गोव्यात तांब्याच्या बझारुक नाण्याची दर्शनी किंमत वाढविल्याने बाजारात महागाई झाली व त्याची झळ गरीब रयतेला बसली. त्याचा उत्तराधिकारी झ्वाऊँ द काश्त्रू याला हा निर्णय रद्द करावा लागला.

याच काळात विजापूरच्या गादीवर हक्क सांगणारा एक आदिलखान पोर्तुगीजांच्या आश्रयास होता. त्याला दूर ठेवण्याच्या बदल्यात इब्राहिम आदिलशाहाने १५४३ मध्ये साष्टी व बारदेश हे महाल पोर्तुगीजांना दिले. प्रदेश ताब्यात आल्यावरही त्यांनी आदिलखानाला आपल्या हातातून जाऊ दिले नाही. तिसवाडीसह हे महाल पुढे ‘जुन्या काबिजादी’ म्हणून ओळखले गेले. मार्तिम आफोंसोच्या भारतातील कामगिरीचा सर्वांत टिकाऊ परिणाम हाच होय. मात्र तो साऊँ व्हिसेंतेप्रमाणे वसाहत स्थापून नव्हे, तर दोन राजपुरुषांच्या भांडणात मध्यस्थी विकून साधला होता. १५४६ मध्ये तो पोर्तुगालला परतला आणि राज्यसल्लागार मंडळाचा सदस्य म्हणून उर्वरित आयुष्य त्याने लिस्बनमध्ये घालविले.

गार्सिया द ओर्ता : मार्तिम आफोंसोबरोबर आलेला गार्सिया द ओर्ता मात्र भारतातच राहिला. तो बुऱ्हाण निजामशाहाचा स्नेही व वैद्य म्हणून अहमदनगरच्या दरबारी जात असे. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. भारतीय औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि तो त्याने मार्तिम आफोंसोला अर्पण केला. ग्रीक व अरबी ग्रंथांतील विधाने दख्खनच्या बाजारात व वैद्यांच्या घरी पडताळून पाहण्याची त्याची वृत्ती या ग्रंथात दिसते. कारव्हाहालप्रमाणे तोही नवख्रिस्ती घराण्यातील होता. त्याची बहीण कातारीना हिला इन्क्विझिशनने १५६९ मध्ये गोव्यात जिवंत जाळले व १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थी थडग्यातून काढून जाळण्यात आल्या. मेक्सिकोतील खाणगावे वसविणारा आणि दख्खनच्या वनस्पती अभ्यासणारा, अशा दोघांनाही एकाच यंत्रणेने ग्रासले.

दोन किनाऱ्यांचे संबंध : पोतोसी व मेक्सिको येथील चांदी नाण्यांच्या रूपाने सेव्हिल व लिस्बनमार्गे गोवे, चौल व सुरत या बंदरांत येऊ लागली. १५८० ते १६४० या काळात स्पेन व पोर्तुगाल यांची गादी एकाच राजाकडे असल्याने हा ओघ अधिक सुलभ झाला. मिरी, सुती कापड व रेशीम यांच्या मोबदल्यात आलेली ही चांदी व्यापाऱ्यांच्या हातांतून दख्खनच्या पेठांत शिरली. आलेशू गार्सियाने जिच्या वार्ता किनाऱ्यावर आणल्या व जिच्यासाठी पेरू लोबुची तुकडी कामी आली, ती चांदी असा अर्ध्या जगाचा वळसा घेऊन घाट चढली.

चांदीपेक्षाही अधिक खोल रुजल्या त्या वनस्पती. काजू, अननस, मिरची, पपई, बटाटा इ. अमेरिकी पिके पोर्तुगीज व्यापारमार्गांनी पश्चिम किनाऱ्यावर आली. सीताफळही याच मार्गाने आले, असे सामान्यतः मानले जाते. कोरड्या, मुरमाड जमिनीत वाढणारे हे झाड बालाघाटच्या डोंगरउतारांवर इतके फोफावले, की बीड जिल्ह्याच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ‘काजू’ व ‘अननस’ हे शब्द तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्फत मराठीत आले. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तुपी समाज साथीचे रोग, युद्धे व गुलामी यांनी पहिल्या काही पिढ्यांतच विस्कटून गेले.

मूल्यमापन : पोर्तुगीज इतिहासलेखनात मार्तिम आफोंसोची प्रतिमा ब्राझीलच्या वसाहतीचा जनक अशी आहे, तर भारताच्या इतिहासात तो एक लोभी परंतु कुशल सेनानी म्हणून उरतो. या दोन प्रतिमांतील अंतर व्यक्तीच्या स्वभावाने पडलेले नाही. साऊँ व्हिसेंतेत त्याच्यासमोर गावोगाव विखुरलेले, परस्परांशी लढणारे व धातूची शस्त्रे नसलेले समाज होते. कोकणात त्याच्यासमोर सारा, जकात, टपाल आणि तोफा असलेली राज्ये होती. म्हणून एका किनाऱ्यावर मूळ रहिवासी गुलाम झाले व वसाहतीतून एक राष्ट्र उभे राहिले; दुसऱ्या किनाऱ्यावर कोट उभे राहिले, पण त्यामागील मुलूख आपली भाषा, शेती व महसुलाची रीत घेऊन टिकला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने वसई घेतल्यानंतर १७४० मध्ये चौल व कोर्लई ही ठाणीही मराठ्यांना मिळाली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता दमणपलीकडे हटली. रेवदंड्याच्या तटबंदीचे व चर्चचे अवशेष आणि कोर्लई गावातील पोर्तुगीज वळणाची बोली, एवढ्याच त्या सत्तेच्या खुणा तेथे शिल्लक आहेत.